तुम्ही रात्री झोपता का?

"काकू, तुम्ही रात्री झोपता का?"

अण्णांना घेऊन आम्ही चौथ्या महिन्याच्या तपासणीला शहरातल्या दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी बीपी बघितलं, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवायला सांगितली, उजवा हात उचलायला लावला. तो उचलला गेला नाही. त्याची नोंद झाली आणि आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे मेडिकल सोशल वर्कर बसायच्या. चाळिशीतल्या बाई, टेबलावर एक जाड रजिस्टर आणि जेवणाचा स्टीलचा डबा. मी फाइल पुढे केली. ती त्यांनी उघडलीच नाही. आधी खुर्ची ओढून अण्णांच्या व्हीलचेअरसमोर बसल्या, त्यांच्याशी बोलल्या, आणि मग आईकडे वळून त्यांनी हा प्रश्न विचारला.

आई म्हणाली, "झोपते की." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे पडते." आणि ती रडायला लागली.

चार महिन्यांत मी आईला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, आई खंबीर आहे. पण खरं कारण वेगळं होतं. चार महिन्यांत तिला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही.

*

अण्णा शिंपी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात त्यांचं जेंट्स टेलरिंगचं दुकान. त्या दिवशी सकाळी कापड बेतताना हातातली कात्री खाली पडली, ती उचलायला वाकले आणि तिथेच बसले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. शेजारच्या दुकानदाराला वाटलं चक्कर आली. कोणी म्हणालं पित्त. गावात अजूनही लोक म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." वारं येतं, जातं, त्यात काय घाई करायची, असं त्या शब्दातच आहे.

घाई करायची असते, हे मला नंतर वाचून कळलं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही आधी गावातले डॉक्टर, मग तालुक्याचा दवाखाना, मग शहर असं करत पोहोचलो तेव्हा सहा तास उलटून गेले होते. मी तर पुण्याहून थेट संध्याकाळी पोहोचलो.

मेंदूची डावी बाजू गेली. त्यामुळे उजवा हात आणि पाय गेले, आणि त्याबरोबर शब्द गेले. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. माणसाला कळत असतं, आठवत असतं, हसूही येत असतं. फक्त मनातल्या गोष्टीला तिचा शब्द सापडत नाही. अण्णांकडे एकच शब्द उरला: "नको." भूक लागली तरी नको, चहा हवा असला तरी नको, मला पाहून आनंद झाला तरी नको.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मला जे येत होतं ते मी केलं. एक शीट बनवली. गोळ्यांच्या वेळा, बीपीचे आकडे, फिजिओथेरपीचे व्यायाम, कूस बदलण्याचे तास, महिन्याचा खर्च. फोनवर अलार्म लावले. रोज रात्री आई मला आकडे सांगायची आणि मी पुण्यात बसून ते भरायचो. शीट छान चालली होती. अण्णांना एकही शय्याव्रण झाला नाही, एकही गोळी चुकली नाही.

त्या शीटमध्ये आईबद्दल एकही रकाना नव्हता. कूस बदलण्याच्या रकान्यात रात्री बारा, दोन, चार, सहा अशा वेळा होत्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण होती. या खुणा करायला कोणीतरी चारही वेळा जागं राहत असणार, हे साधं गणित मला दिसलं नाही. आमच्या कामात ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे आणि ज्याला पर्याय नाही अशा भागाला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सर्व्हरच्या बाबतीत मी असली चूक कोणाला करू देणार नाही. घरात मी ती स्वतः केली, आणि तिला 'आईची माया' म्हटलं.

*

त्या बाईंना आम्ही आधीही भेटलो होतो. डिस्चार्जच्या दिवशी त्या स्वतःहून खाटेशी आल्या होत्या. मी त्यांना तेव्हा लवकर कटवलं. माझ्या कंपनीची आरोग्य विमा पॉलिसी होती, बिल भरलं जाणार होतं. सोशल वर्करचं टेबल म्हणजे ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन रांग लावायची जागा, अशी माझी समजूत. आपण त्यातले नाही, हे दाखवायची घाईही होती.

ही समजूत अगदीच बिनबुडाची नाही. धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्या मिळवायच्या तर याच टेबलावरून जावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेपासून ट्रस्टच्या मदतीपर्यंत कागदांची वाट इथूनच सुरू होते. या कामाचं मूल्य कमी नाही. त्या एका सहीवर घर विकायचं की नाही हे ठरतं.

पण या पेशाचा इतिहास वाचला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्ट्युअर्ट नावाच्या बाई नेमल्या गेल्या. वैद्यकीय समाजकार्याची सुरुवात साधारण तिथून धरतात. त्यांचं मूळ काम होतं मोफत उपचारांचा गैरफायदा कोणी घेत नाही ना, हे तपासण्याचं. म्हणजे पहिला प्रश्न होता: तुम्ही मदतीला पात्र आहात का?

दहा वर्षांनी, १९०५ साली, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट या डॉक्टरांनी वेगळ्या कारणासाठी सोशल वर्कर नेमली. आपण औषध लिहून देतो, पण पेशंट ज्या घरी परत जातो तिथे ते औषध लागू पडेल अशी परिस्थिती आहे का, हे डॉक्टरला दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. इथे प्रश्न बदलला: घरी गेल्यावर काय होणार?

भारतात हे पद पहिल्यांदा आलं १९४६ साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. आज महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत पाटी दिसते 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)'. पाटी एकच असली, तरी टेबलावर हे दोन्ही प्रश्न असतात. गर्दी इतकी असते की पहिल्या प्रश्नातच दिवस संपतो. दुसरा प्रश्न ज्याला विचारला जातो तो नशीबवान. आम्ही नशीबवान होतो, आणि मी ते चार महिने ओळखलं नाही.

*

त्या दिवशी बाईंनी तासभर काय काय विचारलं ते सांगतो, कारण 'समुपदेशन' या शब्दाने काहीच कळत नाही.

संडास भारतीय पद्धतीचा की कमोड? उंबरा किती उंच? रात्री उठवायला दुसरं कोण आहे? दुकानाचं भाडं चालू आहे का? अण्णांची सही कोणत्या बँकेत आहे? उजव्या हाताची सही गेली म्हणजे खातं बंद पडल्यासारखंच होतं. अंगठ्याचा ठसा आणि साक्षीदारांची पद्धत असते, मॅनेजरला आधीच भेटून या. कमोडची खुर्ची आणि एअर बेड विकत घेऊ नका, जवळच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत भरून घ्या. दिव्यांग प्रमाणपत्राची प्रक्रिया अशी असते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अफेजियाने गेलेली वाचासुद्धा धरली आहे, हे अर्जात विसरू नका.

मग त्यांनी अण्णांना विचारलं. हो असेल तर डाव्या हाताचा अंगठा वर, नाही असेल तर मूठ. "अण्णा, दुकानात जावंसं वाटतं?" अंगठा वर. तोंडाने "नको", पण अंगठा वर. चार महिने आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ मला अलीकडे कळला. 'श्रु' म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. कूस बदलणं, गोळी देणं, पुसून काढणं हे सगळं आपण शुश्रूषा म्हणून करतो, आणि ऐकणं तेवढं राहून जातं. अण्णांचं राहिलं. आईचं तर राहिलंच.

यानंतर बाईंनी मला अण्णांना घेऊन चहाला पाठवलं. अण्णांची शाल आत राहिली म्हणून मी परत आलो, तेव्हा दाराशी आईचा आवाज ऐकू आला. "एका रात्री मला वाटलं, देवानं आता सोडवावं."

कोणाला, ते ती बोलली नाही.

बाई म्हणाल्या, "असं वाटलेल्या तुम्ही पहिल्या नाही, काकू. वाटणं वेगळं. तुम्ही त्या रात्री नंतर काय केलंत?"

"काय करणार? चारला उठून कूस बदलली."

हे लिहिण्याआधी आईला सगळं वाचून दाखवलं. एक वेगळं वाक्य तिने काढायला लावलं, ते काढलं. हे वाक्य मात्र राहू दे म्हणाली.

*

मी दोन दिवस आईवर रागावलो होतो. तिला काही बोललो नाही, पण मनात होतं: ही असा विचार करूच कशी शकते? तिसऱ्या दिवशी मी पुण्यात माझ्या गादीवर आठ तास झोपून उठलो आणि त्या रागाची लाज वाटली. तिच्या त्या विचारावर न्यायनिवाडा करायला बसलेला माणूस रोज आठ तास झोपत होता.

तरी प्रश्न उरतोच, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या माणसाची सेवा करताना थकणं हा प्रेमातला दोष आहे का? 'मला सुट्टी हवी' म्हणणं ही कर्तव्यातली पळवाट आहे का?

आपल्याकडे सेवेची मोठी गोष्ट पुंडलिकाची. आईवडिलांची सेवा चालू असताना साक्षात देव दारात आला, तर त्याने वीट फेकली आणि सांगितलं, थांब. सेवेला देवापेक्षा वरचं स्थान देणारी ही गोष्ट लहानपणापासून मला आवडते. पण अण्णांच्या आजारात मी तिच्याकडे दुसऱ्या बाजूने बघितलं. पुंडलिक काम करतोय आणि देव कमरेवर हात ठेवून बघत उभा आहे. आमच्या घरी येणारे पाहुणे असेच उभे राहायचे. पिशवीत सफरचंदं, तोंडात "वहिनी, तुमची कमाल आहे हो," आणि अर्ध्या तासाने चहा पिऊन परत. तो चहाही आईच करायची. मीही त्याच पाहुण्यांतला, फक्त माझ्या हातात शीट होती.

पण त्याच विठ्ठलाची आणखी एक गोष्ट आपल्याकडे आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईबरोबर तो जात्यावर बसतो, दळू लागतो. तिथे तो तिच्या भक्तीचं कौतुक करत उभा राहत नाही, खुंट्याला हात लावतो. एकाच परंपरेने दोन्ही गोष्टी जपल्या आहेत. सेवा करणाऱ्याचे पाय धरायला आपण पहिल्या गोष्टीतून शिकलो. दुसरी गोष्ट आपण अभंगांपुरती ठेवली.

नीतिशास्त्रात एक जुना विचार आहे, कांटशी त्याचं नाव जोडलं जातं: जे करणं शक्यच नाही ते कर्तव्य असू शकत नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाची चोवीस तासांची, सातही दिवसांची, वर्षानुवर्षांची काळजी एका माणसाला शक्य नाही. म्हणजे ती पूर्ण काळजी एकट्या आईचं कर्तव्य असूच शकत नाही. पण अण्णांची गरज तर पूर्ण चोवीस तासांचीच आहे. मग उरलेले तास कोणाचं कर्तव्य? ते हवेत विरत नाहीत. ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर असतात, आणि तो ते करत नसतो म्हणून आईच्या अंगावर पडतात. त्यातले बरेचसे माझ्या नावावर होते. आई थकली, याचा अर्थ ती कमी पडली असा नव्हता. मी कमी पडलो होतो आणि त्याचं बिल तिच्या नावावर फाटत होतं.

*

"आपल्याकडे निदान कुटुंब असतं," हे वाक्य मी त्या काळात शंभर वेळा ऐकलं. कुटुंब म्हणजे कोण, ते २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं. घरातली मुलं, आजारी, वृद्ध यांची विनावेतन काळजी घेणाऱ्या स्त्रिया होत्या २७.६ टक्के, पुरुष १४ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांची दिवसाला सरासरी १३४ मिनिटं, पुरुषांची ७६. बहुतेक वेळा कुटुंब या शब्दाच्या आत एकच बाई असते.

मग वाटतं, घरच्यांनाच नीट शिकवलं तर? माझ्यासारख्याला हे उत्तर फार आवडतं, कारण ते स्वस्त आहे आणि कोणालाही शिकवता येतं. भारतातच त्याची मोठी चाचणी झाली. १४ रुग्णालयांतले १२५० पेशंट. निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचं पद्धतशीर प्रशिक्षण दिलं, निम्म्यांची नेहमीची काळजी. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतले ४७ टक्के पेशंट एक तर दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. फरक नाही. घरचे निरुपयोगी असतात, असा याचा अर्थ मी लावत नाही. दोन्ही गटांत घरचे होतेच. फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, सोशल वर्कर यांचं काम घरच्यांच्या हाती देऊन प्रश्न मिटत नाही, एवढाच अर्थ मी घेतो.

काळजी घेणाऱ्याचं काय होतं, यावरचे दोन अभ्यास मी शेजारी ठेवून वाचले. १९९९ साली अमेरिकेत शुल्झ आणि बीच यांनी दाखवलं की जोडीदाराची काळजी घेताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त होतं. २०१३ साली आलेल्या दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात नेमकं उलटं निघालं: काळजी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, एक कोणतातरी चूक असणार. आता वाटतं, दोन्ही खरे असू शकतात. दुसऱ्याची काळजी घेण्याने माणूस मोडतोच असं नाही. उलट त्याच्या जगण्याला धरबंद येतो. मोडतो तो ताणाने. आणि तो ताण पेशंटच्या आजाराइतकाच, सोबतीला कोण आहे यावरही ठरत असणार.

*

अमेरिकन तत्त्वज्ञ ईव्हा फेडर किटे यांची मुलगी जन्मापासून पूर्णपणे परावलंबी. 'लव्हज लेबर' या १९९९ सालच्या पुस्तकात त्या बाळंतिणीचं उदाहरण घेतात. आई बाळाला सांभाळते, आणि त्या काळात आईला सांभाळायला तिसरी बाई असते, जिला डूला म्हणतात. त्यावरून त्यांनी 'डूलिया' असा शब्द घडवला. जो दुसऱ्याला सांभाळतो त्याला सांभाळणं ही समाजाची जबाबदारी आहे, आणि ती दया म्हणून पार पाडायची नसते. तो न्यायाचा भाग आहे.

आपल्याला यासाठी ग्रीक शब्दाची गरज नाही. आपल्याकडे बाळंतपणाला माहेर असतं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, मालिशवाली, आणि "तू झोप गं, बाळाकडे मी बघते" म्हणणारी आजी. बाळाची काळजी बाळंतिणीने घ्यायची आणि बाळंतिणीची बाकीच्यांनी, हे इतकं पक्कं ठरलेलं आहे की त्याला कोणी मदत म्हणत नाही. त्या बाईला कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. माहेरपणाला पात्रता लागत नाही, दमणूक पुरते.

अठ्ठावन्न वर्षांच्या नवऱ्याची कूस रात्रीत चार वेळा बदलणाऱ्या बाईला माहेर नसतं. तिच्या कामाला मराठीत धड शब्दही नाही. 'काळजीवाहू' म्हटलं की आपल्याला सरकार आठवतं. काळजीवाहू सरकारला निदान दुसरं येईपर्यंतच थांबायचं असतं.

कायद्याने अर्धीच गोष्ट केली. आईवडिलांचा सांभाळ करणं मुलांवर बंधनकारक करणारा कायदा २००७चा. सांभाळ कोणी करायचा, हे त्याने सांगितलं. २०१६च्या दिव्यांग कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आली, पैसे घेऊन असो वा न घेता. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूदही त्यात आहे, पण शासनाने तो आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत द्यायचा आहे. आईच्या क्षमतेला अशी मर्यादा कोणी घातलेली नाही.

माझ्यासारखा माणूस म्हणेल, ब्युरोतून मावशी लावून टाकू. आम्हीही लावल्या, दिवसाच्या. त्याने आईला दुपारची झोप मिळाली, म्हणून मी याला नावं ठेवणार नाही. पण मावशींच्या घरीही अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या, आणि त्यांच्याजवळ दिवसभर मावशींची शाळा सोडलेली मुलगी बसायची. आमच्या घरातला प्रश्न सुटला नव्हता. तो रिक्षाने पाच किलोमीटर लांब गेला होता आणि एका मुलीच्या अंगावर पडला होता. आणि आमची पॉलिसी? ती दवाखान्यातल्या खाटेची होती, घरातल्या खाटेची नव्हती.

म्हणून मला वाटतं, त्या टेबलावरचा दुसरा प्रश्न ही चैन नाही. 'घरी गेल्यावर काय होणार' हे विचारणारं माणूस प्रत्येक दवाखान्यात असायला हवं, आणि विचारायला त्याच्याकडे वेळ असायला हवा. डिस्चार्ज कार्डावर पेशंटच्या गोळ्यांखाली एक ओळ घरी सांभाळणाऱ्यासाठी असायला हवी. त्याने कुठे, कोणाला, कधी सांगायचं की आता होत नाही. हे सांगण्याची जागा नसली की ते देवाला सांगितलं जातं, रात्री चारला.

*

या सगळ्यात अण्णांना मी फक्त घेणारा धरलं होतं. तेही चुकलं.

बाईंनी आईला विचारलं होतं, आजाराआधी तुम्ही स्वतःसाठी काय करायचात? आई म्हणाली, मंगळवारी भजनी मंडळ. ते अर्थातच बंद होतं. पुढच्या मंगळवारी मंडळाच्या दोघीजणी घरी आल्या, "चल गं तासभर." आई नेहमीसारखी म्हणाली, "ह्यांना टाकून कशी येऊ?" मी त्या दिवशी घरून काम करत होतो. अण्णा कॉटवर बसले होते. त्यांनी डावा हात पुढे केला आणि आईला कमरेला धरून दाराकडे ढकललं. तोंडाने म्हणाले, "नको." पुन्हा ढकललं. "नको, नको." आणि अंगठा वर.

आई गेली. तासाने परत आली तेव्हा कपाळाला बुक्का होता. अण्णा तिच्याकडे असे बघत होते की मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं.

आईला सुट्टी देणं अण्णांनाही हवं होतं. आपल्यामुळे हिचं सगळं बंद पडलं, हे ओझं त्या माणसाच्या छातीवर चार महिने होतं आणि ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता. आईच्या थकण्यावर न बोलून आम्ही अण्णांना वाचवतोय असं मला वाटायचं. प्रत्यक्षात त्यांच्याकडे देण्यासारखी जी एक गोष्ट उरली होती, ती आम्ही त्यांना देऊ देत नव्हतो.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी गावी जातो आणि आई दोन दिवस मावशीकडे, वाईला जाते. पहिल्या वेळी तिने चौदा फोन केले. मी अण्णांना अंघोळ घातली, दाढी केली, गालाला कापलं. रात्री बारा, दोन, चार, सहा. चारला अलार्म वाजला तेव्हा मला, काळाकुट्ट अंधार बाहेर असताना, अण्णांचा रागच आला. ते जागे होते. माझ्याकडे बघत होते. मी कूस बदलली, पाठीला पावडर लावली, आणि मग बराच वेळ त्यांचा डावा हात धरून बसलो. त्या रात्रीपासून मी आईच्या त्या वाक्याचा विचार वेगळ्या तऱ्हेने करतो.

रविवारी संध्याकाळी आई परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने अण्णांची टाच बघितली, पाठ बघितली, गालावरचं कापलेलं बघितलं आणि काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळली.

"तू झोपलास का रे रात्री?"